गोंडलचा इतिहास

जो देश पृथ्वीच्या पाठीवर कधीच नव्हता, त्याचा इतिहास वाचून कोणाला वाईट वाटेल काय? मला वाटते. त्या देशाचे नाव गोंडल. सौराष्ट्रातील गोंडल संस्थान निराळे. हे गोंडल दोन बहिणींच्या मनात वसले होते.

उत्तर इंग्लंडमधील हॉवर्थ या गावी, उजाड माळाच्या कडेला, ब्राँटे नावाच्या धर्मोपदेशकाचे घर होते. आई आणि दोन थोरल्या मुली यांच्या मृत्यूने ते घर सुने झाले होते. १८२६ साली वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. उरलेल्या चार भावंडांनी त्या शिपायांना नावे दिली आणि राज्येही दिली. पुढे एमिली आणि ॲन या धाकट्या बहिणींनी आपले स्वतंत्र राष्ट्र स्थापिले. तेच उत्तर पॅसिफिक महासागरातील गोंडल बेट. घरातील भूगोलाच्या छापील पुस्तकात ॲनने त्याचे नाव हाताने लिहून ठेवले. रेजिना ही त्याची राजधानीही नोंदविली!

गोंडलमध्ये जूलियस ब्रेन्झायडा हा पराक्रमी राजा झाला, ऑगस्टा ही मानी राणी झाली. राजघराण्यांत वैरे माजली. राजपक्ष आणि प्रजासत्ताकवादी यांच्यात युद्ध पेटले. १८४५ साली या बहिणी यॉर्कच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा एमिली सव्वीस वर्षांची होती. तरीही वाटेत दोघी गोंडलच्या राजपक्षातील माणसांची सोंगे घेत होत्या.

एमिली १८४८ साली वारली, ॲन १८४९ साली. गोंडलची गद्य बखर आज उपलब्ध नाही. कोणामागून कोण गादीवर आले, हे अभ्यासकांना तर्काने जुळवावे लागते. उरल्या आहेत त्या कविता. त्यांपैकी एकीत रोझिना ही स्त्री जूलियसच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी त्याच्यासाठी शोक करते. १८४६ साली ही कविता छापताना एमिलीने त्यातील गोंडलची खूण पुसून टाकली. तरीही वाचकाचे काही अडले नाही. राजा कल्पित होता. परंतु तिसऱ्या वर्षी आईला मुकलेल्या मुलीला वियोग कल्पावा लागला नव्हता.

म्हणून खऱ्या राजवंशांचा इतिहास वाचतानाही मी सनावळीपाशी थांबत नाही. राजा अमुक साली मेला, असे बखर सांगते. त्याच्यासाठी पंधरा वर्षांनीही कोण रडत होते, हे मला विचारावेसे वाटते.