दुसरा ब्रेक

चिंताकीसारख्या गावात बाईचं बाहेरचं सगळं दुसऱ्याच्या सवडीवर चालतं. कामासाठी औराद गाठायचं, मोठं काम निघालं तर बिदर. मंदिरातलं विधान असो की माहेरचं कार्य, "सोडायला कोण येणार?" हा प्रश्न आधी. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर मी कार शिकायचं काढलं तेव्हा घरात कुणी नाही म्हटलं नाही. उलट आमचे हे म्हणाले, "मीच शिकवतो की. पैसे कशाला घालवायचे?"

मी म्हटलं, "तुमच्या पायाशी ब्रेक आहे का?"

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. गाडी त्यालाही आवरता आली पाहिजे, अशी अटच 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. घरच्या गाडीत नवऱ्यापाशी असतो तो फक्त आवाज. समोरून उसाची ट्रॉली येतेय आणि शेजारून "अगं दाब, दाब!" असा ओरडा, मग बावरलेला पाय कुठं पडेल याचा नेम नाही.

आमचे सर माझ्या मुलाच्या वयाचे. ते मला अक्का म्हणायचे, मी त्यांना सर. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी चालूच करू दिली नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारायला लावली. चाकाखाली कुत्र्याचं पिल्लू बसलेलं असतं, मागं पोरं खेळत असतात. मग सीट पुढं घ्यायला सांगितली. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे, मग बेल्ट.

त्यानंतर म्हणाले, "अक्का, शब्द ठरवून घेऊ." आपल्याकडं एका वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी नांदतात. घाईत शिकवणारा एका भाषेत बोलतो आणि शिकणारी दुसरीत विचार करते. म्हणून त्यांनी तीनच शब्द धरले. सावकाश, थांबा, सोडा. 'सावकाश' इकडच्या कन्नडातही चालतो. 'सोडा' म्हणजे स्टिअरिंग सोडा, मी धरतो. आणि सांगायचं ते वळणाच्या बरंच आधी, कारण वळणात शिरल्यावर बोललेलं डोक्यात जात नाही. शिकवताना त्यांनी एकदाही मोबाईल हातात घेतला नाही.

आधी मोकळं मैदान, मग गल्ली, मग औरादचा रस्ता, आणि बाजाराचा दिवस सगळ्यात शेवटी. एक पायरी नीट जमल्याशिवाय पुढची नाही. नियमातही कारसाठी किमान 21 दिवसांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष 10 तास स्टिअरिंगवर, असं आहे. ओळखीतल्या एका मुलीला दुसरीकडं आठवड्यातच "झालं तुमचं" म्हणून सांगितलं. लायसन्स आलं, पण रिव्हर्स घ्यायला ती अजून भावाला हाक मारते.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर सरांनी नवीनच काढलं. "जे दिसतंय ते मोठ्यानं बोला." मी बोलू लागले. म्हैस. मोटरसायकलवर तिघं. थांबलेली बस. "बसच्या पुढून काय येईल?" ते विचारायचे. माणूस येईल, पोर येईल. म्हणजे न दिसणारंही बघायचं.

तेव्हा मला ईर्या समिती आठवली. आपले मुनी आणि माताजी पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून जास्त जाते. तिथं चार हात पुरत नाहीत, नजर लांबच ठेवावी लागते. बाकी धर्म तोच. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसा सांगताना प्रमाद आधी धरला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. रस्त्यावर दुसरं काय असतं?

हे आपल्या समाजानं तर जास्तच मनावर घ्यावं. सकाळच्या विहारात साधू-साध्वींना गाडीनं धडक दिल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. पण स्टिअरिंगवर आपल्यातलंही कुणी असतं. पांढऱ्या कपड्यांतला संघ कडेनं चालला असेल तर वेग कमी करून लांबून जायचं, हे शिकताना कुणीतरी सांगितलं पाहिजे. ट्रॉलीमागं बसून परतणाऱ्या शेतमजूर बायकांसाठीही तेच.

आणि आपली एक खास घाई आहे. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून संध्याकाळी गाड्या पळवतो. मी एकदा सरांना ही अडचण बोलून दाखवली. ते म्हणाले, "अक्का, अर्धा तास आधी निघा. उपास केलेला चालतो, ॲक्सिडेंट चालत नाही." ते जैन नाहीत, पण व्रताचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता.

शेवटच्या चार दिवसांत ते बोलायचेच नाहीत. पाय ब्रेकजवळ, पण दाबायचे नाहीत. शिकवणाऱ्याचा ब्रेक हळूहळू शिकणारीच्या मनात बसवायचा, एवढंच त्यांचं काम, असं मला वाटतं. घाबरवून तो बसत नाही. "बायकांना जमत नाही" म्हणून हसण्यानं तर मुळीच नाही.

म्हणून बायांनो, फी भरण्याआधी विचारा. दुसरा ब्रेक आहे का? रोज किती वेळ स्टिअरिंग माझ्या हातात राहील? रात्री आणि पावसात एकदा तरी चालवून घ्याल का? लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते, पण तिसाव्याच दिवशी द्यायला पाहिजे असं काही नाही. हात बसला नसेल तर आणखी पंधरा दिवस शिका. घरचे विचारतील, "अजून झालं नाही का?" सांगायचं, सावकाश.