हातातला खडू

आमच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे हा गुन्हा आहे, असे ती बजावते. कायदा २००३ सालचा. पाटी पुष्कळ उशिरा लागली. कोपऱ्यावरचा टपरीवाला मोठा हिकमती. त्याने मुलांकडूनच दोरीने अंतर मोजून घेतले आणि टपरी चार पावले पलीकडे सरकवली. यार्डांचे मीटर करणे मुलांना त्या दिवशी जसे समजले, तसे वर्गात कधी समजले नव्हते!

मी त्या टपरीचे जुने गिऱ्हाईक. हे कबूल करून मगच पुढे लिहिलेले बरे. मधल्या सुट्टीत टपरीच्या मागे उभे राहून एक सिगारेट ओढायची, वेलदोड्याचे दाणे तोंडात टाकायचे आणि घंटेसरशी वर्गात हजर व्हायचे, हा माझा कैक वर्षांचा परिपाठ. मुलांना याचा पत्ता नाही, अशी माझी भाबडी समजूत होती.

गेल्या वर्षी हेडमास्तरांनी तंबाखूविरोधी चित्रस्पर्धा माझ्याच गळ्यात घातली. साठएक चित्रे आली. कवट्या, तिरड्या, विंचू आणि काळीठिक्कर फुफ्फुसे. ही फुफ्फुसे सिनेमागृहातून आलेली. २०१२ पासून चित्रपटाच्या आधी आणि मध्यंतरानंतर अशा जाहिराती दाखवतात. मोठी माणसे मान फिरवतात आणि आमची पोरे निवेदकाचा आवाज हुबेहूब काढून हसतात. चौदाव्या वर्षी मरण नेहमी दुसऱ्याचेच असते, त्याला ती तरी काय करणार?

परीक्षक व्हायचे म्हणून मी थोडे वाचन केले. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात १९९८ साली मुलांनाच हाताशी धरून ‘ट्रूथ’ नावाची मोहीम निघाली. तंबाखू वाईट हे मुलांना ठाऊकच होते; ती विकणारे आपल्याला कसे फसवतात, हे कळल्यावर ती चिडली. पुढे २००० साली देशभर झालेल्या जाहिरातींपैकी एकीत तरुणांनी न्यूयॉर्कमध्ये एका सिगारेट कंपनीच्या दाराशी प्रेते ठेवण्याच्या १,२०० पिशव्या रचल्या. तंबाखूने त्या देशात रोज तेवढी माणसे मरत. फ्लॉरिडात सहावी ते आठवीच्या मुलांतले सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण दोन वर्षांत १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आले. सगळे श्रेय जाहिरातींचे नसेल म्हणा.

त्याच सुमारास फिलिप मॉरिस कंपनीनेही मुलांसाठी उपदेश काढला : विचार करा, ओढू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की ही जाहिरात पाहिलेल्या मुलांचा कल उलट सिगारेटकडे थोडा अधिकच होता. तोंडाने ‘नको’ म्हणायचे आणि हाताने विकायचे! वाचताना मी खूप हसलो. मग खिशातला वेलदोडा बोटांना लागला आणि हसू ओसरले.

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याच्या तळाशी आठवीतल्या एका मुलाचे चित्र निघाले. त्यात कवटी नव्हती. एक फळा, त्यावर ‘धूम्रपान करू नका’ अशी सुबक अक्षरे आणि ती लिहिणारा एक हात. तर्जनी आणि मधले बोट यांच्या मध्ये खडू. बोटांची टोके पिवळसर.

“अहो, खडू असा कोण धरतो?” आमच्या बाई म्हणाल्या. मी उजवा हात खिशात घातला.

बक्षीस कवटीला मिळाले. मला बोलण्याचे धैर्य झाले नाही. संध्याकाळी मात्र त्या मुलाला थांबवून विचारले, “काय रे, हा हात कुणाचा?”

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, रागावू नका. पण वेलदोड्याचा वास आला, की आम्हांला कळतं.”

ते चित्र मी मागून घेतले. माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या दिवाळीपासून चारदा मोडलो. पाचव्यांदा टपरीपर्यंत जाऊन परत आलो. तो मुलगा आता नववीत आहे. मी वर्गात शिरलो, की तो आधी माझ्या बोटांकडे पाहतो.