खोडलेले उत्तर

मी कला शाखेत कसा आलो असे कुणी विचारले, की मी आजवर बेधडक सांगत असे, "साहित्याच्या ओढीने!" मित्रहो, हे धादांत खोटे आहे. मी आलो तो एका कपॅसिटरच्या पट्टीवरून घसरून.

बारावीला शास्त्र शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. सहामाहीच्या पेपरात गणित होते: समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटरची धारकता १ फॅरड, पट्ट्यांमधले अंतर १ मिलिमीटर, मध्ये निर्वात पोकळी, तर पट्टीचे क्षेत्रफळ काढा. रीत सरळ होती. धारकतेला अंतराने गुणायचे आणि निर्वाताच्या परावैद्युतांकाने भागायचे. हा अंक मात्र विलक्षण चिमुकला, ८.८५ भागिले दहाचा बारावा घात. उत्तर आले सुमारे ११ कोटी ३० लाख चौरस मीटर, म्हणजे ११३ चौरस किलोमीटर! चौरस पट्टी घेतली तर एकेक बाजू साडेदहा किलोमीटरांहून लांब. चालत जायचे तर दोन तास. प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवायची वस्तू आणि हा विस्तार! मला दरदरून घाम फुटला. घातांक कुठेतरी चुकला असणार, असे धरून मी त्या ओळीवर काट मारली, शून्ये उडवली आणि १.१३ चौरस मीटर असे सभ्य उत्तर लिहून मोकळा झालो.

पेपर परत मिळाला तेव्हा त्यापुढे तांबडा भोपळा होता. आपल्याला गणित येत नाही, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकले. मी इंजिनिअर व्हावे असे बाबांना फार वाटे. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागले.

यंदा मे महिन्यात घरचा पंखा नुसताच गुणगुणू लागला, फिरेना. "कंडेन्सर गेलाय," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने एक लहानशी डबी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर २.५ मायक्रोफॅरड असे छापले होते. जुनी खोड उफाळून आली. एक मिलिमीटर अंतर ठेवले, तर एवढ्याशा धारकतेलाही २८२ चौरस मीटरची पट्टी हवी. मग ही डबीत मावली कशी?

पुस्तक काढून बसलो. सारी गंमत अंतरात होती. डबीत पोकळी नसते; धातूचा मुलामा दिलेली पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म असते. तिचा स्थिरांक साधारण २.२. जाडी ५ मायक्रोमीटर धरली, तर क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटरवर येते, माझ्या अभ्यासाच्या टेबलाएवढे. तेही सुरळी करून गुंडाळलेले. आजचे सुपरकपॅसिटर तर सच्छिद्र कार्बनच्या जोरावर अख्खा फॅरड खिशात मावेल एवढा करतात. (ज्याच्या नावाचे हे अवाढव्य एकक, तो मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला आणि गणितात कच्चा. हे मला बारावीत कुणी का सांगितले नाही?)

मग ट्रंकेतून तो पेपर शोधून काढला. काट मारलेली ओळ अजून स्वच्छ वाचता येत होती. ११३ चौरस किलोमीटर. अचूक!

पेपर बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"अरे, पण एवढी मोठी पट्टी ठेवणार कुठे?"

"म्हणूनच तर खोडलं, बाबा!"