फाल्गुनातील हिम

पीरपंजाळच्या उतारांवर फाल्गुनात हिम किती पडले, याची चौकशी चिखली तालुक्यातील एका गव्हाच्या शेताच्या मालकाने करावी, हे ऐकणारास विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु आमच्या घरी ही वहिवाट पडलेली आहे आणि तिला सबळ कारण आहे. माझा पुतण्या सैन्यात असताना त्याचा मुक्काम काही काळ गुलमर्गला होता. हिवाळा सरत आला की तेथील हॉटेलवाले, घोडेवाले आणि बर्फावरून घसरण्याची विद्या शिकविणारे उस्ताद या सर्वांचे डोळे आभाळाकडे लागतात. कारण मोसमाच्या शेवटी एक दमदार हिमवृष्टी झाली तर प्रवाशांचा राबता आणखी काही आठवडे टिकतो, आणि ती न झाली तर उतारांवरचे दगड उघडे पडून सगळा कारभार आवरता घ्यावा लागतो. २०२५ साली ‘खेलो इंडिया’चे तेथील हिवाळी सामने बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलावे लागले, आणि उशिराचे हिम पडल्यावर मार्चमध्ये ते पार पडले, हे पुष्कळांच्या वाचनात आले असेल. त्या लोकांनी ज्याच्यासाठी देव पाण्यात घालावेत, त्याची वार्ता कानी येताच आम्ही ताडपत्र्या बाहेर काढाव्यात, असा हा विलक्षण संबंध आहे.

त्याचा उलगडा असा. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण व अफगाणिस्तान ओलांडीत येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयाला अडखळतात आणि तेथे हिमाच्या रूपाने रिते होतात. पण एखाद्या प्रबळ विक्षोभाची द्रोणी दक्षिणेस पार विदर्भापर्यंत लोंबते, वरच्या थरांत थंड व शुष्क हवा आणून सोडते, आणि त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागराकडील ओलसर वारे येत असले व जमीन तापलेली असली, तर आमच्या माथ्यावर गारांचे ढग उभे राहतात. प्रत्येक हिमवृष्टीमागून गारपीट येतेच असे नव्हे. उपसागराची ओल न मिळाली तर नुसता गारठा वाढून प्रकरण मिटते.

२०१४ साली मात्र ते मिटले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस फोन आला, “काका, इकडं बर्फ पडू राहिला. हरभरा काढला का?” नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा आकाशवाणीवर ऐकलाच होता. हरभरा वाळला होता. तो मजूर लावून सोंगला, त्याची गंजी घातली आणि ती ताडपत्रीने आवळून बांधली. गव्हाचा दाणा मात्र अजून दाताखाली फुटत नव्हता, नुसता दबत होता. असा गहू कापून घरात आणणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे, म्हणून तो उभाच राहू दिला. मग एका दुपारी अजिंठ्याच्या रांगेकडून काळोख चढत आला, टपोऱ्या थेंबांमागोमाग सुपारीएवढ्या गारांचा मारा सुरू झाला, आणि गोठ्याच्या पत्र्यांवर असा कल्लोळ उठला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. थांबल्यावर पाहतो तो ओंब्या मातीत रुतलेल्या. नाल्यापलीकडच्या शेतात मात्र पानही फाटलेले नाही.

एक गार उचलून मी ती अडकित्त्याने दुभंगून पाहिली. मधोमध दुधी ठिपका, त्याभोवती पारदर्शक कडे, पुन्हा दुधी, पुन्हा पारदर्शक. पाण्याचे कण क्षणार्धात गोठले की हवा आत कोंडते आणि थर दुधी होतो; पाणी पसरून सावकाश गोठले की तो स्वच्छ होतो. ढगातील ऊर्ध्ववाताने गारेला किती निरनिराळ्या प्रदेशांतून फिरविले, त्याची कैफियतच ती होती. आमच्या एका शेजाऱ्याने काही गारा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात जपून ठेवल्या आणि पंचनाम्यासाठी आलेल्या तलाठ्यापुढे पुरावा म्हणून हजर केल्या. त्याने त्या आदराने पाहिल्या, परंतु नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. रकाना होता तो नुकसानीच्या टक्केवारीचा. त्या काळी निम्मे पीक गेल्याखेरीज मदत मिळत नसे, ती मर्यादा २०१५ साली ३३ टक्क्यांवर आणण्यात आली.

हवामानखात्यास शिव्या देण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. हिमवृष्टी मुलूखभर पसरते, म्हणून तिची चाहूल काही दिवस आधी घेता येते. गारांचा पट्टा चार-दोन कोसांचा आणि ढगाचे आयुष्य घटका-दोन घटकांचे. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वाचून लोक हसतात, पण गारपिटीचे त्याहून खरे वर्णन मला सुचत नाही. शिवाय नागपूरचे रडार आमच्या बुलढाण्याहून सुमारे ३०० किलोमीटर दूर. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा झोत ढगाच्या खालच्या भागावरून निघून जातो.

या देशात मोसमाचे भाकीत सुरू झाले तेच मुळी उशिराच्या हिमावरून. १८७७ च्या दुष्काळानंतर हवामानखात्याचे तेव्हाचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिम आणि पाऊसमान यांचे नाते शोधले, हिम फार व उशिरा पडले तर पाऊस दुबळा, असा अंदाज बांधला, आणि ४ जून १८८६ रोजी पहिले अधिकृत भाकीत निघाले. पुढे केवळ हिमावर भिस्त ठेवता येत नाही असे दिसून आले आणि त्याच खात्याचे नंतरचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील वायुदाब हिशेबात घेतले.

आमच्या जिल्ह्याचे स्वतःचे भाकीतही आहेच. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यांचे वर्तुळ मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर बसवितात, आणि पहाटे ओल पाहून पाऊसपाणी सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण तेथील गर्दी पाहण्यासारखी असते. आमचे एक वयोवृद्ध शेजारी न चुकता जातात. फाल्गुनाचे ढेकूळ कोठे आहे, असे मी त्यांना विचारले, तर म्हणाले, “मास्तर, ते ज्याचं त्यानं पाहावं.”

ते मी पाहतो. सोयाबीन निघताच रान तयार करून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गहू पेरावयाचा आणि फेब्रुवारी सरण्याच्या आत तो घरात आणावयाचा, असा माझा हुकूम आहे. थंडी भरण्यापूर्वी पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात आणि उताराही घटतो, हे पुतण्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. सैन्यातून परतल्यापासून शेत तोच करतो, आणि दर दिवाळीनंतर या एका मुद्द्यावर आमचा कडाक्याचा तंटा होतो.