ब्रोकोली, ज्वारी आणि चक्का



ब्रोकोलीचा मुख्य गड्डा तोडून संपला. यंदा वीस गुंठेच होती. दसऱ्यानंतर लागण, दीड फूट बाय दीड फूट, ड्रीपवर. पासष्ट दिवसांनी पहिली तोडणी. पिकाबद्दल तक्रार नाही, थंडी चांगली पडली. तक्रार गिऱ्हाइकाची आहे. आमच्या भागात ब्रोकोली घेणारा व्यापारी एकच. त्याला अडीचशे ते चारशे ग्रॅमचा, कळ्या घट्ट मिटलेला, गर्द हिरवा गड्डा लागतो. एखादा दिवस उशीर झाला की कळ्या सुटतात, पिवळेपणा दिसायला लागतो आणि तो माल बाजूला. एका दिवशी तर चांगले अकरा क्रेट तसेच बांधावर राहिले, कारण काय तर गाडी भरली. फ्लॉवर असता तर संध्याकाळपर्यंत गावात वाटा घालून संपवला असता. ब्रोकोली कोण घेणार? गावात खातंय कोण?

ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. कांदा पडला तरी घरी खाता येतो, पावण्याला पोतं देता येतं. ज्वारीला भाव नसला तर कणगी आहे. पण जे पीक आपल्याच घरात शिजत नाही, त्याचा सगळा भाव दुसऱ्याच्या हातात. आधी घरात तरी चालतंय का बघू म्हटलं.

सुरुवातीला घरचीनं फ्लॉवरसारखी रस्सा भाजी केली. गचका झाला आणि वास सुटला. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मोहरी हे सगळं एकाच कुळातलं. जास्त शिजवलं की त्यातल्या गंधकाचा तो उग्र वास येतोच. आई म्हणाली, "हे गुरांना घाल." गुरांनी मात्र आवडीनं खाल्लं.

मग सूनबाईनं शहरातल्या सॅलडचं डोकं लावलं. तिकडं अंड्याचं मेयोनीज आणि कसले कसले परदेशी दाणे घालतात म्हणे. मी म्हणालो, पोरी, घरात मालदांडी आहे, म्हशीचं दही आहे, शेंगदाणा आहे, यात बसव. तिनं बसवलं. नाव सॅलड म्हणा की कोशिंबीर म्हणा. आता आठवड्यातून दोनदा होतं, म्हणून सगळं नीट लिहितोय. पाच-सहा माणसांचं प्रमाण आहे.

एक वाटी ज्वारी रात्री भिजत घालायची. सकाळी पाणी बदलून, चिमूट मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या आणि नंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं. दाणा जुना असेल तर दोन शिट्ट्या जास्त. दाणा फुटायच्या बेताला आला पाहिजे, पण पीठ होता कामा नये. दाताखाली जरा तटतटला पाहिजे. ज्वारीचं हेच चांगलं आहे, तांदळासारखी ती एकमेकाला चिकटत नाही. एका वाटीच्या जवळजवळ अडीच वाट्या होतात. चाळणीत निथळून ताटात पसरायची आणि पूर्ण गार करायची. हे पाणी फेकू नका, आमटीत घाला.

अर्धा लिटर दही फडक्यात बांधून तीन तास टांगायचं. श्रीखंडाला बांधतो तेवढं कोरडं नको, मऊ चक्का पाहिजे. त्यात मूठभर भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची ठेचून आणि अर्धा चमचा मोहरी फेसून. मोहरी फेसलेली हवीच, नाहीतर ते नुसतं गोडसर लागतं. लोण्यासारखं होईपर्यंत घोटायचं. सूनबाई म्हणते विकतच्या मेयोनीजपेक्षा हे दाट लागतं. मी विकतचं खाल्लेलं नाही, तिच्या शब्दावर लिहितोय.

आता ब्रोकोली. आधी गड्डा उलटा करून मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी हिरवीच असते, कळ्यांत दिसत नाही. मिठाच्या पाण्यात अळ्या सुटून वर येतात. अळी निघाली म्हणून तोंड वाकडं करू नका. पण फवारणीचं औषध मिठाच्या पाण्यानं जातं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याचा इलाज शेतातच. मी दर पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी टाकल्या होत्या, पतंग आधी तिकडं जातो. निंबोळी अर्क पाच टक्के आणि बीटी यावर बरंचसं भागलं. रासायनिक एकच फवारा झाला, तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली आहे. लेबलवर काढणीआधी जेवढे दिवस थांबायला सांगितलंय तेवढे थांबूनच कोयता लावला. नात शेतात उभी राहून कच्चा तुरा तोडून खाते, तेव्हा भिंतीवरची ती तारीख मला रोज बघावी लागते. सापळा ओळीतली मोहरीची भाजी मात्र घरात आणायची नाही, अळ्यांचा सगळा मारा तिच्यावरच असतो आणि फवारापण.

तुरे वेगळे करून उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायचे आणि मनात साठ आकडे मोजायचे. लगेच काढून माठातल्या गार पाण्यात. रंग असा उजळतो की शेतातसुद्धा तसा दिसत नाही. गार पाणी घातलं नाही तर आतल्या उष्णतेनं तुरे शिजत राहतात आणि मऊ पडतात. शिवाय त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं, म्हणून साठच आकडे, गप्पा मारत बसायचं नाही. नंतर फडक्यावर पसरून चांगले कोरडे करायचे. तुऱ्यात पाणी धरून राहतं, तेच नंतर चक्का पातळ करतं.

देठ टाकू नका हो! व्यापारी दहा-बारा सेंटिमीटर देठ ठेवून तोडायला लावतो, वजनात ते भरतं, आणि शहरातली माणसं ते कचऱ्यात टाकतात. वरची जाड साल चाकूनं सोला, आतला गाभा कोवळ्या नवलकोलासारखा लागतो. तो कच्चाच बारीक चिरून घालायचा. कुरकुरीतपणा खरा त्याच्यात आहे. देठ आतून पोकळ, तपकिरी निघत असेल तर तेवढा भाग काढा, आणि पुढच्या वेळी बोरॉनचं बघा. कृषी सहायक साहेबांनी मला हेच देठ कापून दाखवलं होतं. पोकळी बोरॉन कमी पडल्यानं येते, तशी जास्त नत्रानं झाड भराभर वाढलं तरी येते. तपकिरी डाग असेल तर आधी बोरॉनचा संशय घ्यायचा. म्हणजे स्वयंपाकघरातल्या विळीवर आपली माती तपासून होते.

मोठ्या पातेल्यात ज्वारी, तुरे, चिरलेला देठ, एक बारीक कांदा, कोथिंबीर आणि अर्धवट कुटलेले शेंगदाणे एकत्र करा. वरून चक्का. चमचाभर करडईच्या तेलात जिरं, हिंग, कढीपत्ता तडतडवून गार झाल्यावर ओता. करडई आणि रब्बी ज्वारी एकाच रानातल्या पाटातल्या, ताटातपण जमतात. मीठ आणि लिंबू अगदी वाढताना. मीठ आधी घातलं की कांद्याला पाणी सुटतं, लिंबू आधी पिळलं की हिरवा रंग मळकट होतो. सगळ्यात शेवटी वरून मूठभर ज्वारीच्या लाह्या. नागपंचमीलाच लाह्या करायच्या असं कुठं लिहिलंय? लोखंडी कढई चांगली तापवा, दाण्यांना आदल्या दिवशी पाण्याचा हबका मारून ठेवा, फुटतात.

घरचीला साखरेचा त्रास आहे. तिला हे एक वाटी आणि एक भाकरी कमी, असं चालतं. हे औषध आहे असं मी म्हणत नाही, ज्वारीतसुद्धा पिष्ट आहेच, तिच्या गोळ्या चालू आहेत. पोट भरल्यासारखं राहतं एवढं ती सांगते.

आता पैशाचं. मुख्य गड्डा काढल्यावर बाजूनं फुटवे येतात, पन्नास ते शंभर ग्रॅमचे. व्यापारी त्यांना हात लावत नाही, म्हणून बहुतेकजण लगेच रोटर मारतात. मी यंदा सहा ओळी ठेवल्या. तीन आठवडे पाणी चालू ठेवलं, कडेला विद्राव्य खत एकदाच. घरच्या सॅलडला हे फुटवे गड्ड्यापेक्षा बरे, चिरायची गरजच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सूनबाईनं तिळगुळाबरोबर हे वाट्या-वाट्यांनी दिलं. पहिल्यांदा बायका हसल्या. मग सात जणींनी फुटवे मागितले, आणि दोघींनी तर "ज्वारी किती शिट्ट्या?" हे दोनदा विचारलं. पुढच्या दोन आठवडे बाजारांत वीस रुपयांचा वाटा लावला. पहिल्या बाजारी चौदा वाटे गेले, दुसऱ्या बाजारी एकवीस. यात वीस गुंठ्यांचा खर्च निघत नाही, सहा ओळींच्या पाण्याचा आणि तोडणीचा निघाला, वर थोडं उरलं. ज्यांना लगेच उन्हाळी काकडी लावायची आहे त्यांना रान अडकवून हे परवडणार नाही, माझं पाणी तसंही मार्चनंतर संपतं म्हणून जमलं.

पुढच्या हंगामात लागण एकदम न करता दहा-दहा दिवसांच्या तीन टप्प्यांत करायचं ठरवलंय, म्हणजे एका गाडीवर सगळं अवलंबून राहणार नाही आणि बाजारात वाटा पण चालू राहील. हुरडा घातलेलं सॅलडपण करून बघायचं आहे. फुले मधुरचे चार तास बांधाकडेला टाकीन, ब्रोकोली आणि हुरडा एकाच थंडीत येतात. कुणी आधीच केलं असेल तर कळवा, हुरडा भाजून घालायचा की वाफवून ते मला ठरवता येईना.

आईला दात नाहीत. तिच्या वाटीतल्या लाह्या आम्ही अर्धा तास आधीच चक्क्यात भिजवतो आणि देठ किसून घालतो. "गुरांना घाल" म्हणालेली बाई आता दुसऱ्यांदा मागते, फक्त त्याला ब्रोकोली म्हणत नाही, हिरवा फ्लॉवर म्हणते. उद्या बाजार आहे, पहाटे दव असतानाच फुटवे तोडायला जायचंय.