नावातली एक मात्रा

जूनमध्ये शाळा उघडली की आमची पहिली बैठक कामांच्या वाटणीची असते. वर्षानुवर्षे ही वाटणी एकाच पद्धतीने व्हायची. नोकरीत जो जुना, त्याला मानाचे काम. जो नवा, त्याला उरलेसुरले. सूत्रसंचालन ज्येष्ठांकडे, वेळापत्रक त्यांच्यानंतरच्यांकडे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कोणालाच नको म्हणून सर्वांत नव्या सरांकडे. आम्हा अकरा जणांत कोणाला काय चांगले जमते, हा प्रश्न कधी निघालाच नाही.

मग एका वर्षी शिष्यवृत्तीचे बरेच अर्ज परत आले. कारण एकच, नाव जुळत नाही. आमच्या मुलांचे नाव घरी उर्दूत ठेवले जाते, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मराठीत लिहिले जाते आणि आधार कार्डावर, बँकेत इंग्रजीत उमटते. या प्रवासात खदीजाची खतिजा होते, मुहम्मदचा महंमद होतो, तर कुठे नुसता ‘एमडी’ उरतो. माणसाला ही एकच व्यक्ती वाटते, संगणकाला दोन वाटतात.

आम्ही सगळ्यांनी नव्या सरांकडे बोट दाखवले. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. शिवणकाम करून घर चालवणारी बाई. बँकेत आणि आधार केंद्रात चकरा मारून तिचे दोन दिवसांचे काम बुडाले होते. शिष्यवृत्तीच्या पैशांवर तिने मुलीच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब केला होता. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “सर, मैं तो नाम बराबर बोली थी. लिखे तुम लोगां.”

आम्ही गप्प झालो. रजिस्टरमधली ती नोंद नव्या सरांच्या आधीची होती. ती आमच्यापैकीच कोणाच्या तरी हातची होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सर्वांना बसवले. म्हणाले, “स्वतःबद्दल बोलू नका. शेजारच्याला काय चांगले जमते ते सांगा.” बराच वेळ कोणी बोलेना. मग पहिले नाव निघाले शिपाई चाचांचे. सगळा मोहल्ला त्यांना ओळखतो, कोणत्याही दारात त्यांना चहा मिळतो. गणिताच्या मॅडम तारीख विसरत नाहीत. खेळाच्या सरांना बँकेच्या रांगेतही राग येत नाही. नव्या सरांचा संगणकावर हात चालतो, पण उर्दू नाव मराठीत कसे लिहावे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

आमच्यात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारे म्हणजे हे लिहिणारेच. स्नेहसंमेलनाचा माइक कित्येक वर्षे त्यांच्याकडे होता आणि तेच आपले बलस्थान, अशी त्यांची समजूत होती. सहकाऱ्यांनी अदबीने सांगितले की सूत्रसंचालन जरा लांबते. पण उर्दूतला कागद वाचून नाव शुद्ध मराठीत उतरवणे दुसऱ्या कोणाला जमत नाही. ऐकताना बरे वाटले नाही. घरी जाऊन विचार केला, तेव्हा पटले.

पुढच्या वर्षी चाचांनी घरोघरी जाऊन कागदपत्रांच्या झेरॉक्स आणल्या. नावे आधी तिन्ही लिप्यांत ताडून घेतली, मगच अर्ज भरले. तारखांची यादी स्टाफरूमच्या भिंतीवर लागली. खेळाचे सर पालकांबरोबर बँकेत गेले. त्या वर्षी नावावरून फक्त दोन अर्ज परत आले.

खरे तर हा धडा आपल्याला नवा नसावा. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले ते हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी, पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते शब्द हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितले, कारण त्यांचा आवाज अधिक चांगला होता. अब्दुल्लाह यांचा मान त्याने कमी झाला नाही. हजरत अबू जर (रजि.) यांनी अधिकारपद मागितले, तेव्हा ती अमानत आहे आणि तुम्हाला ती पेलणार नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांना आपुलकीने समजावले. त्यांची सचोटी सर्वांना ठाऊक होती. तरीही प्रत्येक चांगल्या माणसाला प्रत्येक काम जमेल असे नाही.

घरात लग्न निघाले की आपण हे आपोआप करतो. देगेजवळ कोणाला बसवायचे, रुसलेल्या पाहुण्यांकडे कोणाला पाठवायचे, पैशांची पिशवी कोणाकडे द्यायची, हे खाला-फुफूंना बरोबर ठाऊक असते. कामाच्या ठिकाणी मात्र आपण खुर्ची पाहतो, माणूस पाहत नाही. आपले बलस्थान शोधायचे असेल, तर लोक अडल्यावर कशासाठी आपल्याकडे येतात ते पाहावे. एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला विचारावे आणि त्याचे उत्तर कडू लागले तरी ऐकून घ्यावे. जे आपल्याला जमत नाही, ते जमणाऱ्याच्या हाती द्यावे.

त्या मुलीचे त्या वर्षीचे पैसे बुडाले ते बुडालेच. ती भरपाई आम्हाला करता आली नाही. पण दहावीचा फॉर्म भरण्याआधी आम्ही रीतसर कागदपत्रे पाठवून रजिस्टरमधले नाव दुरुस्त करून घेतले. निकालाच्या दिवशी तिची आई आली, तिने गुणपत्रिका आमच्यापुढे धरली आणि म्हणाली, “पढ के सुनाओ.”

आम्ही आधी गुण नाही, नाव वाचले. खदीजा.