यानंतर काय वाचू?

बी.एड.ला असताना मी एका शहरातल्या वाचनालयाची वर्गणीदार झाले. पहिल्याच दिवशी टेबलामागच्या गृहस्थांनी अर्जावरचे माझे नाव वाचले आणि काही न विचारता इस्लामवरचे एक पुस्तक माझ्यासमोर ठेवले. "तुमच्या उपयोगाचं आहे," ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मला मात्र कथासंग्रह हवा होता, आणि तो मागायचा धीर झाला नाही. ते पुस्तक मी मुदतीत परत केले आणि पुन्हा कधी त्या पायऱ्या चढले नाही.

हा प्रसंग मी अनेकांना तक्रारीच्या सुरात सांगितला आहे. पुढे मीही नेमके तेच केले, हे मात्र कुणाला सांगितले नव्हते.

डहाणू तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत मी शिकवते. शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली माझ्याकडे. आठवीतली एक मुलगी 'ईदगाह' वाचून माझ्याकडे आली. "टीचर, इस के बाद क्या पढूँ?" मी कपाटातून मुलींसाठीचे नसीहतांचे पुस्तक काढून दिले. दोन दिवसांत ते परत आले. तिच्या चेहऱ्यावरचा तो अदब माझ्या ओळखीचा होता. ते पुस्तक तिने वाचलेले नव्हते.

प्रश्न साधा नव्हता. आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. पुढे मराठी माध्यम. तलासरीजवळ हायवेवर गॅरेज चालवणारे तिचे अब्बा म्हणत होते, "मराठी वाचता येत नाही, नापासच व्हायची. त्यापेक्षा घरी बसू दे." आठवी संपायला सहा महिने उरले होते.

एका शनिवारी मी तिला गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नेले. तिथल्या ग्रंथपाल बाई निवृत्तीला आलेल्या. "कोणतं पुस्तक हवं?" असे त्यांनी विचारलेच नाही. "शेवटचं काय वाचलंस?" त्यांनी विचारले. मग, "त्यातलं काय लक्षात राहिलं?" मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मी तिच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा बाईंनी हातानेच मला थांबवले. शेवटी ती म्हणाली, "हामिदची दादी रडते ते." "आणि मराठी एका वेळी किती वाचतेस?" "दोन पानं."

बाई उठल्या आणि 'श्यामची आई' घेऊन आल्या. मी चपापले. जुन्या कोकणातले ब्राह्मणाचे घर, पूजा, सोवळे-ओवळे. आमच्या मुलीला हे कसे जवळचे वाटेल? बाई म्हणाल्या, "भाषा बोलण्यातली आहे. एकेक रात्र सुटी वाचता येते. आणि त्यात आई आहे." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "नाही आवडलं तर अर्धं सोडून परत आण." अर्धे सोडायची परवानगी आम्हा दोघींना आजवर कुणी दिली नव्हती.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. ती रोज एक रात्र वाचू लागली, कधी अर्धी. 'सोवळे' म्हणजे काय, असे तिने विचारले तेव्हा मला 'पाकी' हा शब्द आठवला. दोन्ही एक नव्हेत, पण तेवढ्यावर ती पुढे गेली. संध्याकाळी ती नानीला मोठ्याने वाचून दाखवी. नानीला देवनागरी अक्षर येत नाही, पण मराठी समजते.

पुढच्या खेपेला ती बाईंना म्हणाली, "ते गाव लांबचं आहे. इथलं काही आहे?" बाईंनी अनुताई वाघांचे 'कोसबादच्या टेकडीवरून' काढून दिले. कोसबाद आमच्या तालुक्यातच. लहानपणी विधवा झालेल्या अनुताई ताराबाई मोडकांबरोबर १९४५ साली बोर्डीला आल्या आणि १९५७ साली काम कोसबादला गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली, ती कुरणशाळा. त्या दिवशी बाईंनीही तेच केले होते, हे मला नंतर उमगले. मुलगी जिथे उभी होती तिथे त्या पुस्तक घेऊन गेल्या होत्या.

मलाही त्यांनी एक पुस्तक दिले, गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'. म्हणाल्या, "तलासरीच्या एसटीत वाचा." वारल्यांच्या १९४५च्या उठावाची ती हकिकत. ज्या गावांवरून मी वर्षानुवर्षे जात होते, ती मला प्रथमच दिसली.

या कामाचे एक शास्त्र आहे, हे मी मागाहून वाचले. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात की पुस्तकात शिरायची दारे चार: कथानक, माणसे, स्थळ आणि भाषा. वाचक कोणत्या दाराने आत गेला ते ओळखले की पुढचे पुस्तक सापडते. आमची मुलगी आधी माणसाच्या दाराने आत गेली, मग स्थळाच्या. वाचकाचे आडनाव हे यांतले कोणतेच दार नव्हे. ड्यूई पद्धतीत उर्दू साहित्याचा क्रमांक ८९१.४३९ आणि मराठीचा ८९१.४६. म्हणजे फळीवर दोन्ही भाषा हाताच्या अंतरावर असतात.

जूनमध्ये अब्बांनी नववीच्या अर्जावर सही केली. नानीला चाललेले वाचन ते दारात उभे राहून ऐकत असत, एवढेच मला कळले. पहिल्या चाचणीत ती मराठीत जेमतेम पास झाली. पुढचे अजून तिच्या हाती आहे.

उर्दू वाचनालये हवीत, ही आपली मागणी रास्तच आहे. पण टेबलामागे बसणारे माणूस काय विचारते, याचीही फिकीर आपण करायला हवी. कपाटाच्या वहीत मी आता एक रकाना वाढवला आहे: 'काय लक्षात राहिले?' परवा सहावीतल्या एका मुलाने अर्धवट वाचलेले पुस्तक मान खाली घालून परत दिले. मी रागावले नाही. कोणत्या पानावर थांबलास, एवढेच विचारले, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली.